आधी झाड, मग वाडा, पाटी शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरासमोरचा जुना वाडा महापालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे. तो विकला गेल्यापासून बाहेरून हिरवी जाळी लागली आहे आणि रात्री आतल्या तुळया निघतायत. गच्चीवर जाहिरातीसाठी लोखंडी सांगाडा उभा राहिलाय. अंगणातल्या पिंपळाच्या बुंध्याभोवतीची साल कुणीतरी सोलली आहे. ॲपवर तीनदा तक्रार केलीत, तिन्ही वेळा ‘तक्रार निकाली’ असा संदेश आला. महापालिका अशा वेळी करते तरी काय, आणि तुम्ही काय करायचं?

मी एका महापालिकेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि नोकरीचा बराचसा काळ अनधिकृत बांधकामांच्या फायलींत काढला. नोटिसा काढल्या, पंचनामे केले, कोर्टात साक्षी दिल्या. काही वेळा जिंकलो. हरलो त्या केसेस जास्त लक्षात आहेत, आणि त्यातली बरीचशी हार नोटीस निघण्याआधीच ठरलेली होती.

तुमच्या तिन्ही तक्रारी गच्चीवरच्या सांगाड्याबद्दलच्या आहेत. लोक नेहमी असंच करतात, कारण सांगाडा डोळ्यात खुपतो. पण तो उद्या कापला काय किंवा सहा महिन्यांनी कापला काय, गच्ची होती तशी होते. वाड्याची कोरीव तुळई एकदा भंगारात गेली की परत येत नाही, आणि पिंपळ तर नाहीच नाही. म्हणून मी क्रम उलटा धरतो: आधी झाड, मग वाडा, पाटी शेवटी.

दुसरी गोष्ट ‘निकाली’ची. नागरिकाच्या लेखी हे एकच प्रकरण आहे, पण महापालिकेच्या लेखी ही तीन खाती, तीन कायदे आणि तीन फायली आहेत. झाडाचं काम उद्यान विभाग आणि वृक्ष प्राधिकरण बघतं, वाड्याचं बांधकाम विभाग आणि वारसा समिती, सांगाड्याचं आकाशचिन्ह (म्हणजे गच्चीवरच्या जाहिरातींचा) किंवा परवाना विभाग. ॲपवरची तक्रार यातल्या एकाच टेबलावर जाते. तिथला माणूस ‘आमच्या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा मारतो, आणि संगणकाच्या हिशेबी तो शेरा म्हणजेच निपटारा. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही, पण परिणाम तोच. म्हणून तीन वेगळी पत्रं लिहा, कागदावर, आणि प्रत्येकाच्या स्थळप्रतीवर, म्हणजे तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक शिक्का घ्या. ॲपच्या टोकन क्रमांकाला कोर्टात फारसं वजन नसतं. आवक क्रमांक आणि तारीख असली की ‘त्या दिवशी महापालिकेला माहीत होतं’ एवढं पक्कं होतं.

आता पिंपळ. आपल्याकडे शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात ‘झाड तोडणे’ची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे: झाड जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं, सगळं त्यात बसतं. त्यामुळे ‘आम्ही कुठे तोडलं, आपोआप वाळलं’ हा बचाव साल सोललेल्या झाडाला लागू पडत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना तोडीला झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि परवानगीने तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट घातली. जुन्या वाड्यातला पिंपळ पन्नाशीच्या आतला असेल, असं मला तरी वाटत नाही.

साल सोलण्यामागचा हिशेब समजून घ्या. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. बुंध्याभोवती पूर्ण कडं काढलं की मुळांची उपासमार सुरू होते. वरची पानं मात्र काही काळ हिरवी राहतात, कारण पाणी आतल्या लाकडातून वर चढत असतं. काही महिन्यांनी झाड वाळतं, मग ‘वाळलेलं, धोकादायक झाड काढण्याबाबत’ असा साळसूद अर्ज येतो आणि वृक्ष निरीक्षक खरोखर वाळलेलं झाड पाहून तो मंजूर करतो. बुंध्याला ड्रिलने भोकं पाडून आत रसायन ओतणं ही याचीच दुसरी तऱ्हा. ती भोकं मातीने किंवा मेणाने बुजवलेली असतात, म्हणून बुंध्याच्या खालच्या दोन फुटांवर बोट फिरवून बघा.

तर आजच करायचं ते हे. बुंध्याचे चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर, घेर मोजा आणि लिहून ठेवा. आत जायला मिळत नसेल तर तुमच्या गच्चीवरून झूम करून काढलेले फोटोही चालतात, एका फोटोत वाड्याची ओळखू येईल अशी भिंत तेवढी यायला हवी. मग वृक्ष अधिकाऱ्याला पत्र द्या आणि त्यात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा: स्थळपाहणी करून पंचनामा करा, आणि झाड वाचवण्याचे उपाय करा. दुसरी मागणी लोक विसरतात. साल एखाद्या पट्टीपुरती जरी शाबूत असली, तरी पिंपळासारखं चिवट झाड सावरू शकतं. फक्त पंचनामा होण्याआधी कुणाला त्यावर शेणमाती लिंपू देऊ नका, पुरावा झाकला जातो.

पुढे कधी तोडीचा अर्ज आलाच तर त्याची सूचना झाडावर चिकटवावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस असतात. सूचना अंगणाच्या आतल्या झाडावर लागली तर रस्त्यावरून कुणाला दिसणार? म्हणून उद्यान विभागाला आत्ताच लेखी कळवा की या झाडाबाबत कोणताही अर्ज आल्यास तुमची हरकत आहे. त्या पत्राने कुणावर कायदेशीर बंधन येत नाही, पण ते फाइलला लागलं की निरीक्षक मान वर करून बघतो.

वाड्याचा भाग लांबणार आहे, कारण तिथे कायदा बरा आहे आणि त्याचा वापर वाईट.

रात्री काम करणारे एकच वाक्य सांगतात: ‘आतली किरकोळ दुरुस्ती चालू आहे, तिला परवानगी लागत नाही.’ साध्या इमारतीबाबत हे बरंचसं खरं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ (आपण सगळे त्याला एमआरटीपी म्हणतो) याच्या कलम ४३ मध्ये आतल्या भागापुरत्या किंवा बाह्य रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला सूट आहे. पण त्याच वाक्यात वारसा इमारती आणि वारसा परिसर त्या सुटीतून वगळले आहेत. शिवाय ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत वारसा इमारतीतला कोणताही महत्त्वाचा किंवा संरचनात्मक बदल येतो, आणि इमारतीचा काही भाग पाडणंही येतं. तुळई काढणं हा संरचनात्मक बदल नाही असं म्हणणारा अभियंता मला अजून भेटायचाय. तुमच्या पत्रात हे कलम आणि ही व्याख्या नावानिशी घाला. वाड्याचा यादीतला अनुक्रमांक आणि श्रेणीही घाला. क्रमांक नसलेल्या पत्रावर ‘सदर इमारत वारसा यादीत आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय मागवावा’ असा शेरा पडतो आणि तीन आठवडे जातात.

मग महापालिकेच्या हातात काय असतं? पहिलं हत्यार कलम ५४: काम थांबवण्याची नोटीस. ती बजावली त्या क्षणापासून काम बंद व्हायला हवं. दुसरं कलम ५३: केलेलं काम काढून जागा पूर्ववत करण्याची नोटीस. परवानगीच नसेल तर चोवीस तासांची, आणि परवानगी घेऊन तिच्याबाहेर गेले असतील तर किमान महिन्याची. तिसरं कलम ५२ खालचा खटला, ज्यात एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. पाच हजार! वाड्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीतल्या एका फ्लॅटच्या दाराची कडी तेवढ्याला येते. कैदेची भीती असते, पण खटला भरायला नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे इथे महापालिकेची, मंजुरी लागते, म्हणजे तुम्ही परस्पर जाऊन तो भरू शकत नाही.

अलीकडे एक नवं उत्तर ऐकू येतं: ‘सुप्रीम कोर्टाने पंधरा दिवस थांबायला सांगितलंय.’ अर्धवट खरं आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने पाठवणं, म्हणणं ऐकून घेणं आणि पाडकामाचं चित्रीकरण अशा अटी घातल्या. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरची बांधकामं त्यातून वगळली. पण हा निकाल महापालिकेने काही पाडण्याबद्दल आहे. काम थांबवण्याची नोटीस म्हणजे पाडकाम नव्हे, तिला पंधरा दिवस थांबायचं काही कारण नाही. तुमच्या प्रकरणात पाडणारा मालक आहे. समोरच्या खुर्चीतला माणूस पंधरा दिवसांचं सांगायला लागला, तर हे शांतपणे म्हणा आणि पत्रातही लिहा.

आता माझ्या हरलेल्या केसची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी तक्रार आली, सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी सकाळी मी नोटीस घेऊन पोचलो तेव्हा दर्शनी सज्जाचे कोरीव लाकडी घोडे, म्हणजे सज्जा पेलणारे आधार, गायब होते आणि तिथे ताजं सिमेंट थापलेलं होतं. आम्ही पूर्ववत करण्याची नोटीस काढली, प्रकरण कोर्टात गेलं. समोरच्या वकिलांनी मला एकच विचारलं, ‘साहेब, पूर्ववत म्हणजे कसं? आधी तिथे काय होतं ते दाखवा.’ यादी तयार करताना काढलेला एक कृष्णधवल फोटो आमच्या फाइलीत होता, तिकिटाएवढा, आणि त्यात सज्जासमोर विजेचा खांब आलेला. घोडे किती होते हेसुद्धा मला शपथेवर सांगता आलं नाही. तेव्हापासून कुठल्याही वारसा इमारतीची तक्रार आली की मी तक्रारदाराला पहिला प्रश्न विचारायचो: जुने फोटो आहेत का? आणि ते असतात. गणपतीची मिरवणूक, मुंज, वाढदिवस, पहिल्या गाडीची पूजा. पुढे माणसं असतात, मागे सज्जा, खिडक्या, नक्षी. एका प्रकरणात शेजारच्या घरातल्या बारशाच्या फोटोंवरून आम्ही खिडक्यांची चौकट मोजून काढली आणि मालकाला ती परत तशीच बसवावी लागली.

लंडनमध्ये कार्लटन टॅव्हर्न नावाचं १९२०च्या दशकातलं मद्यगृह होतं. एप्रिल २०१५ मध्ये मालकाने ते परवानगी न घेता पाडलं. ते संरक्षित यादीत यायच्या बेतात होतं. तिथल्या कौन्सिलने जसं होतं तसंच पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, तो अपिलात टिकला, आणि २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं. आदेश देणाऱ्यांची हिंमत होतीच. पण रहिवाशांना आधीच शंका आली होती, इमारतीची नोंद झालेली होती, आणि म्हणून ‘जसं होतं तसं’ या शब्दांना अर्थ राहिला.

आपल्याकडेही दंडापेक्षा मोठी भीती नियमात आहे, फक्त ती कुणी वाचत नाही. केंद्राच्या आदर्श वारसा नियमावलीत म्हटलं आहे की वारसा इमारत परवानगीशिवाय पाडली किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करून पडू दिली, तर त्या जागेवर नव्या इमारतीला परवानगी नाही. फार तर पूर्वीएवढंच बांधीव क्षेत्र, पूर्वीच्याच रूपात बांधायचं. बिल्डरला पाच हजारांचं काही वाटत नाही, पण जादा चटई क्षेत्र (बांधता येणारं एकूण क्षेत्र) मिळणार नाही म्हटल्यावर तो दचकतो. तुमच्या शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीतला वारसा विभाग उघडा, हीच तरतूद तिथे कोणत्या शब्दांत आहे ते बघा, आणि ती पत्रात जशीच्या तशी उतरवा. पत्राची एक प्रत बांधकाम परवानगी देणाऱ्या अभियंत्याला जाऊ द्या, कारण उद्या नवा नकाशा त्याच्याकडेच येणार आहे.

एक पळवाट मात्र आताच सांगतो, ती तुमच्या वाड्यात नक्की वापरली जाईल. आतून तुळया काढायच्या, पावसाचं पाणी भिंतीत मुरू द्यायचं आणि मग इमारत ‘धोकादायक’ जाहीर करून घ्यायची. धोकादायक इमारतींचे सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे गट असतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मालकाने नेमलेल्या सल्लागाराचा संरचना तपासणी अहवाल बहुधा सी-१ म्हणतो, आणि वाड्यात भाडेकरू असले तर त्यांना बाहेर काढायलाही तोच कामी येतो. यावर महापालिकेला आधीच लिहून ठेवा: इमारत आज उभी आहे, अमुक तारखेपासून आतले आधार काढले जात आहेत, पुढे ती धोकादायक ठरली तर तो मालकाच्या कृतीचा परिणाम असेल. भाडेकरू असतील तर त्यांनी स्वतःचा अभियंता नेमून वेगळा अहवाल घ्यावा. धोकादायक ठरल्याने वाडा वारसा यादीतून आपोआप बाहेर पडत नाही. टेकू देऊन धोका तेवढा दूर करणं आणि संपूर्ण इमारत पाडणं यात फरक आहे, हे वारसा समितीपुढे मांडायला हवं.

नोटीस निघाल्यावर मालक दोनपैकी एक गोष्ट करेल. एक, झालेलं काम ‘कायम ठेवण्यासाठी’ अर्ज करेल. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो, म्हणून असा अर्ज कधी आला आणि कुठल्या टेबलावर आहे हे माहिती अधिकारात विचारत राहा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. उत्तरापेक्षा फाइलीची प्रत्यक्ष पाहणी मागा, नस्तीतल्या टिपणी वाचल्या की कोण कुठे अडलंय ते पाच मिनिटांत कळतं. दोन, तो दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणेल. महापालिकेच्या विधी विभागाला नोटिशीबरोबरच कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, कोर्टात दाखल करायला सांगा. ते नव्वद दिवस टिकतं आणि एकतर्फी हुकूम टळतो. ही एका पानाची गोष्ट आहे आणि तरीही दहातल्या आठ वेळा राहून जाते.

वाडा जर केंद्रीय संरक्षित स्मारकाजवळ असेल तर गणित वेगळं. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे पाठ आहे: १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित, आणि जुन्या घराची दुरुस्ती करायलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी. तिथे महापालिकेसोबत पुरातत्त्व खात्यालाही पत्र द्या.

आता तुमचा सांगाडा. गच्चीवरची जाहिरात म्हणजे कायद्याच्या भाषेत आकाशचिन्ह. मुंबईत १८८८ च्या कायद्याची कलमं ३२८ आणि ३२८ए, इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५. परवाना नसेल तर तो काढता येतो, आणि तुमच्या वाड्याच्या बाबतीत वारसा इमारतीच्या बाह्य रूपात बदल हा दुसरा आक्षेपही आहे. आधी फलकाच्या खालच्या कोपऱ्यात परवाना क्रमांक शोधा. नसेल तर पत्रात तसं लिहा. असेल तर संरचना स्थैर्य प्रमाणपत्राची प्रत मागा: शतकभर जुन्या भिंतींवर एवढं वजन आणि वाऱ्याचा दाब कुणी मोजून मंजूर केला, हे त्यावर सही करणाऱ्याला सांगावंच लागेल.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. मुंबईत मर्यादा ४० बाय ४० फुटांची, ते त्याच्या कितीतरी पट होतं. जमीन रेल्वे पोलिसांची, म्हणून परवानगी कुणाची यावर आधीपासून घोळ. त्या फलकाच्या आड येणारी झाडं विष घालून मारल्याची तक्रारही आधी झालेली होती. पिंपळ आणि सांगाडा या दोन फायली असल्या तरी कारण एकच असू शकतं, हे वृक्ष अधिकाऱ्याच्या पत्रात एका ओळीत लिहायला हरकत नाही.

आणि कारवाई झाली तर ती पूर्ण झाली का ते बघा. पथक येतं, फ्लेक्स फाडतं, फोटो काढतं, जातं. लोखंडी सांगाडा तसाच. आठवड्याने नवा फ्लेक्स चढतो. गॅस कटरने अँगल कापून गच्चीवरून खाली उतरवले तरच ती कारवाई. तुमच्या पत्रात ‘फलक काढावा’ असं न लिहिता ‘फलक व लोखंडी सांगाडा मुळासह काढावा’ असं लिहा. चौकातल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सचा विषय वेगळा, तो १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्यात येतो. उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर त्याबद्दल सविस्तर निर्देश दिलेले आहेत. दुकानाची पाटी मराठीत आहे की नाही हे दुकाने निरीक्षक बघतो, त्याचा यात संबंध नाही. लोक तीही तक्रार याच पत्रात घुसडतात आणि मूळ मुद्दा पातळ होतो.

पत्रं गुरुवारच्या आत द्या. पाडकामं शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतात, सोमवारी सुट्टी जोडून आली तर नक्कीच. काम थांबवण्याची नोटीस दारावर चिकटवली की लगेच तिचा फोटो काढा, ज्यात दार, नोटीस आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र एकत्र दिसेल, कारण ती नोटीस रात्रीतून फाटते आणि मग ‘आम्हाला मिळालीच नाही’ असं शपथपत्र येतं. त्यानंतर रात्री हातोड्याचा आवाज आला तर विभागाला फोन करत बसू नका. पोलीस नियंत्रण कक्षाला कळवा, नोटिशीचा जावक क्रमांक सांगा, आणि किती वाजता फोन केला ते वहीत लिहून ठेवा.